शेवटचं कडवं

माझा मामा केडगावात भीमगीतं लिहायचा आणि गायचा. गाणं कुठलंही असो, शेवटच्या कडव्यात स्वतःचं नाव ओवायचंच, ही त्याच्या गुरूंची शिस्त. पण त्याच्या पहिल्या कॅसेटची एका दुकानदाराने नक्कल केली, प्रत्येक गाण्याचं शेवटचं कडवं उडवलं आणि वर भलत्याच गायकाचा फोटो छापला. पुढे लोक मामालाच म्हणायचे, "त्या गायकाची गाणी छान म्हणता हो तुम्ही." तेव्हापासून मामा ताकही फुंकून प्यायचा. नव्या सहा गाण्यांची कॅसेट त्याने पत्र्याच्या पेटीत कुलपात ठेवली होती.

ती पेटी मी उघडायला लावली. नव्वदचं दशक सरत आलं होतं. नागापूरच्या कारखान्यात मी कॉम्प्युटरवर बसायचो आणि आपल्याला वेबसाइट बनवता येते याची मला भलतीच घमेंड होती.

"मामा, अमेरिकेतला माणूसही तुम्हाला ऐकेल."

"ऐकंल ते ऐकंल. उचलून न्हेलं तर?"

"नेताच येणार नाही. मी बंदोबस्त करतो."

"तुझ्या भरवशावर देतोय," म्हणत त्याने कॅसेट माझ्या हातात ठेवली.

वेबसाइट तयार झाल्यावर एका रविवारी दुपारी त्याला सायबर कॅफेत घेऊन गेलो. इस्त्रीचा पांढरा सदरा घालून तो खुर्चीच्या टोकावर बसला. मोडेम किंचाळला, पान इंच इंच खाली उतरू लागलं. मी गाण्यावर माउसचं उजवं बटण दाबून दाखवलं. लगेच पडद्यावर पाटी आली, गाणं उतरवून घ्यायला मनाई. मामा खुलला. तेवढ्यात मागे उभा असलेला कॅफेवाला पुढे वाकला, कॉम्प्युटरमधलं कुठलंसं फोल्डर उघडलं आणि म्हणाला, "पानाबरोबर आलेलं सगळं इथं साठतं, साहेब. ही बघा तुमची फाइल."

दोन मिनिटंही लागली नाहीत. मामाने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"नेऊ दे," मी घाईघाईने म्हणालो. "पूर्ण गाणं कुणाला मिळणारच नाही. मी अर्धंच टाकलंय."

"अर्दं म्हंजी कुठवर?"

मी हेडफोन त्याच्या कानांना लावला. मुखडा झाला, पहिलं कडवं झालं आणि आवाज तुटला. तो तसाच वाट बघत बसला. मग हेडफोन काढून हळूच म्हणाला, "आन माझं नाव?"

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. सहाही गाण्यांची शेवटची कडवी या वेळी मी कापली होती.

"त्या दुकानदाराला मी शिव्या तरी दिल्या," मामा म्हणाला. "तुला काय म्हनू? कुंपनानंच शेत खाल्लं."

इतकी लाज मला त्यानंतर कधी वाटली नाही. गाणी आजच काढून टाकतो, म्हणालो. त्याने मान हलवली.

"काडू नगं. मुखडा ठेव, शेवटचं कडवं ठेव, मदलं काप. ज्याला चोरायचं त्येनं नावासकट चोरावं. शेवट छाटला तर त्येच्या हाती नुसता मुखडा ऱ्हाईल."

मी तसंच केलं.

एप्रिलमध्ये जयंतीला आम्ही कोल्हारला पाहुण्यांकडे गेलो होतो. मिरवणुकीतल्या टेम्पोच्या कर्ण्यातून अचानक मामाचा आवाज आला. मुखडा, मग बारीकसा खटका, आणि थेट शेवटचं कडवं. तो खटका माझ्या जोडकामाचा होता. गाणं माझ्या पानावरूनच उचललं होतं. मी तणतणत टेम्पोकडे निघालो, तर मामाने माझा दंड धरला.

"थांब. येतंय."

कर्ण्यातून त्याचं नाव आलं. टेम्पोमागच्या बायका-माणसांना गाणं पाठ होतं. त्यांनीही ते नाव सुरात म्हटलं आणि ती आमच्या समोरून पुढे गेली. रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या मामाला त्यांतल्या एकानेही ओळखलं नाही. गाणं संपलं तरी त्याने माझा दंड सोडला नव्हता.