बाबांनी स्वतः मारलेली फुंकर

अन्याय माझ्या बाबांवर झाला. संप सुरू होऊन दीड वर्ष उलटल्यावर गिरणीचा भोंगा पुन्हा वाजला, आणि पहिल्याच सोमवारी, सकाळच्या पाळीला, गेटवरच्या डॉक्टरनं त्यांच्या कागदावर लिहिलं : विडीमुळे दमा, कामास अपात्र. बाबांनी जन्मात विडी ओढली नव्हती. कार्डिंग खात्यात कापूस पिंजण्यात वर्षं घालवली होती, आणि कापूस छातीत गेला होता.

छातीचं खरं मोजणारं यंत्र करायचं, म्हणून खूप वर्षांनी मी जीवविज्ञानातल्या उद्योजकतेच्या एम.एस्सी.ला गेले. युनियनची पत्रकं वाटत वाढलेली मी, सरांनी पहिल्याच तासाला "तुमचं गिऱ्हाईक कोण?" विचारलं तेव्हा भांडलेच. सर म्हणाले, "पत्रक कोणाच्याही हातात कोंबता येतं. यंत्र वापरणारा माणूस शोधावा लागतो. शोधा."

प्रकल्पासाठी केलेलं माझं यंत्र साधं. नळीत जोरात फुंकायचं, श्वासाच्या जोरानं काटा पुढं सरकतो आणि तिथंच थांबतो. धुळीत काम करणाऱ्याला पाळीच्या आधी आणि नंतर फुंकायला लावलं, की त्याची छाती आवळते का ते वेळीच कळतं. भिवंडीतल्या यंत्रमागांजवळच्या दवाखान्यांना ते द्यायचं होतं. पण आधी जुन्या कामगारांचे खरे आकडे हवेत, नाहीतर प्रकल्प नामंजूर.

रविवारी लालबागला आमच्या चाळीच्या गॅलरीत बाबा आणि त्यांच्या खात्यातले नऊ जण रांगेत बसले. दाढी करून, इस्त्रीचे शर्ट घालून. मी खोलीत टेबल मांडलं आणि सांगितलं, बाहेर गॅलरीतच फुंका, काटा मला आत आणून दाखवा. इथंच चुकले. जिना चढताना दम लागून दोनदा बसणाऱ्या माणसांचे आकडे पोरांना लाजवतील असे यायला लागले. मी बाहेर डोकावले. गिरणीचे जुने वॉचमनकाका, ज्यांच्या छातीत कापूस कधी गेलाच नव्हता, बाबांचा नंबर आल्यावर त्यांच्या जागी नळी तोंडाला लावून, गाल फुगवून बसले होते.

"काका, हे काय चाललंय?"

"काय म्हणजे? तुझ्या बापसाच्या जागी बदली भरतंय. दम कमी दिसलो तर घरी बसवतील ना त्येका."

"गिरणी आहे कुठं? तिथं टॉवर झालाय."

"होय गो. पण कागद तर ऱ्हवताच ना खंय तरी."

बाबा खाली बघत म्हणाले, "तपासणीला आम्ही असंच करायचो. ज्याची छाती धड, तो दुसऱ्याच्या नावानं पुढं व्हायचा. त्या सोमवारी माझ्या जागी कोणी नव्हतं, एवढंच."

मला राग आला, आणि कोणावर काढावा कळेना. "बाबा, काटा खाली थांबू दे. तुमचं खरं कोणीतरी एकदा लिहायला हवं."

त्यांनी नळी घेतली. काटा जेमतेम हलला. त्यांनी तो तसाच माझ्यापुढं धरला. "लिही. कार्डिंग खातं, हेही लिही." मग बाकीच्यांनीही न सांगता पुन्हा रांग लावली.

प्रकल्प मंजूर झाला. भिवंडीच्या एका दवाखान्यात आज तशी चार यंत्रं आहेत, आणि तिथले डॉक्टर आकड्याशेजारी कामाचं खातं लिहितात. मागावरची पोरं वेळेत मास्क मागतात, काम बदलून मागतात, आणि कधीकधी मिळतंही.

तुमच्या घरात गिरणीत राबलेलं माणूस असेल, तर या आठवड्यात त्याची छाती तपासून घ्या. केसपेपरवर खातं कोणतं आणि वर्षं किती, हे लिहिल्याशिवाय डॉक्टरसमोरून उठू नका.