विद्येशी सोयरीक

माणसानं बायको एक वेळ न पाहता करावी, पण विद्या मात्र पाहून, चौकशी करून, तिच्या घरचं पाणी पिऊनच करावी, असं मानणारा माणूस पृथ्वीच्या पाठीवर एकच झाला आणि तो नेमका माझ्या थोरल्या बहिणीच्या पदरात पडला. आम्ही त्यांना भाऊजी म्हणत असू. मूल या तालुक्याच्या गावाच्या बाजूला, धानाच्या एका मोठ्या गावात ते मालगुजाराचे दिवाणजी होते. तलावाचं पाणी आधी कोणाच्या बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, सोडायचं हे ते ठरवत आणि कोणाची पोरगी कोणाच्या घरी द्यायची हेही तेच ठरवत. पहिल्या कामाचा त्यांना पगार मिळे, दुसरं ते जीव ओतून करत. सोयरीक जुळवताना त्यांची शेवटची कसोटी गोंड शेतकऱ्यांकडून उचललेली होती. काशाच्या थाळीत पाणी घ्यायचं आणि तांदळाचे दोन दाणे अलगद सोडायचे, एक मुलाच्या नावाचा, एक मुलीच्या. दाणे तरंगत येऊन भिडले तर लग्न पक्कं, नाही तर पाहुण्यांना जेवू घालून रवाना. खुद्द मालगुजाराच्या पुतण्याच्या वेळी दाणे थाळीच्या दोन कडांना रुसून बसले. मालक म्हणाले, "दिवाणजी, बोटानं जरासा धक्का द्या ना." भाऊजींनी भरल्या बैठकीत उत्तर दिलं, "मालक, धक्क्यानं जुयलेलं लगन धक्क्यानंच मोडते." सोयरीक मोडली. मालक आठवडाभर त्यांच्याशी बोलले नाहीत आणि भाऊजींना त्याचं काही वाटलं नाही.

जगातल्या सगळ्या गोष्टींना हा माणूस लग्नाचीच फूटपट्टी लावायचा. बैल घेताना बैलाच्या आईचा स्वभाव विचारायचा. चांद्याच्या बाजारात छत्री घेतली तेव्हा भाऊजी दुकानदाराला म्हणाले, "हिच्या बहिनी कोनाकोनाकडे देल्या? त्यायले विचारून येतो." आणि खरोखरच दोन घरी जाऊन छत्र्यांची खुशाली विचारून आले. दुकानदार तोवर तोंड उघडं टाकून बसला होता.

मग नवा कायदा आला आणि मालगुजारी गेली. तिच्याबरोबर दिवाणजीपण गेलं, आणि राहतं घर मालकाचं होतं म्हणून दिवाळीपर्यंत तेही जाणार होतं. भाऊजींची पंचेचाळिशी उलटलेली, स्वतःची शेती नाही. माझ्या वडिलांनी सुचवलं, किराण्याचं दुकान टाका. भाऊजी म्हणाले, "दुकान म्हनजे पयवून आनलेली बायको. मले रीतसर लगन पाहिजे. मी शिकीन." वडिलांच्या हातातला पानाचा विडा तसाच राहिला. "आता? काय शिकनार?" त्यावर भाऊजी शांतपणे म्हणाले, "तेच तं पाहाले जाऊन राह्यलो."

आणि ते खरोखरच पाहायला निघाले. मुलगी पाहायला जावं तसे. रेंगीला बैल जुंपले, धुतलेला सदरा घातला, सुपारी घेतली, बाईला, म्हणजे माझ्या बहिणीला, शेजारी बसवलं, आणि चार माणसांत बोलायला शिकलेला कुणी असावा म्हणून मलाही घेतलं. मी तेव्हा मूलच्या शाळेत मास्तर होतो, बिनलग्नाचा. भाऊजींचा नियम असा की विद्येचं तोंड पुढच्या दारानं पाहावं, पण तिचं वागणं मागच्या दारानं विचारावं. आपण बैठकीत बसायचं आणि बाईनं स्वयंपाकघरात शिरून घरधनिणीला बोलतं करायचं. बाई मितभाषी. पण तिच्याजवळ बसलं की बायका आपसूक बोलू लागत, हे तिचं तिलाही ठाऊक नव्हतं.

पहिलं स्थळ वकिलीचं, चांद्याचं. भाऊजींनी वकीलसाहेबांना सुपारी दिली आणि "स्थळ पाहाले आलो" एवढंच सांगून गोत्र, घराणं, स्वभाव विचारायला सुरुवात केली. वकीलसाहेब माझ्याकडे निरखून पाहू लागले, मग लगबगीनं आत गेले. थोड्या वेळानं त्यांची मुलगी जरीचं पातळ नेसून पोह्यांच्या बशा घेऊन बाहेर आली आणि माझ्यासमोर मान खाली घालून बसली. मला दरदरून घाम फुटला. भाऊजी पोह्यांचा घास गिळून म्हणाले, "पोरगी चांगली आहे, पन आमी वकिली पाहाले आलो." पुढचं मी सांगत नाही. आम्ही रेंगीत कसे चढलो हे बैलांनाच ठाऊक. वाटेत बाईनं मागच्या दारचा अहवाल दिला : "घरात मीठ सरलं म्हटलं तरी नवरा पुढची तारीख देते म्हने." भाऊजींनी मान हलवली. "नापसंत."

मूलच्या वैद्यांच्या बायकोनं सांगितलं की आमचे हे पाहुणा जेवायला बसला की आधी त्याची जीभ पाहतात, पाहुणे येईनासे झाले. नापसंत. बल्लारपूरला रेल्वेची विद्या पाहिली. तिथल्या स्टेशनमास्तरांची बायको बाईच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली : "साऱ्या जगाले गाडीत बसवते, अन् मले माहेरी पोचवाले याले सुट्टी नाई." नापसंत. पावसाळा सरत आला, धान निसवू लागलं, दिवाळी जवळ आली. मी चिडलो. भाऊजी म्हणाले, "घाईनं केलेली विद्या जलमभर कुरकुर करते."  बाईनं मात्र भांडी एकेक करून पोत्यात भरायला घेतली होती.

इथे एक गोष्ट सांगायला हवी, कारण त्या घरात ती कुणीच काढत नसे. त्या दोघांना एकच मूल व्हायचं होतं, तेही भर श्रावणात. नदीला पूर, सुईण पलीकडच्या गावी. ती पोहोचली तेव्हा उशीर झाला होता. मूल गेलं आणि बाई कशीबशी वाचली. गावातली सारी लग्नं जुळवणारा हा माणूस त्यानंतर कोणत्याही बारशाला गेला नाही.

म्हणून चांद्याच्या इस्पितळातल्या नर्सबाईंच्या दारात त्यांनी रेंगी थांबवली तेव्हा मी हबकलो. बाप्यानं सुईणपण शिकायचं? पण भाऊजी नियमाचे पक्के. इथे विद्या बायकोकडे, तेव्हा मागच्या दारी सापडणार नवरा. बाईला त्यांनी बैठकीत नर्सबाईंसमोर बसवलं आणि स्वतः स्वयंपाकघरात शिरले. मी मागोमाग गेलो. नर्सबाईंचा नवरा चुलीपुढं बसून भात वेळून पेज काढत होता. भाऊजींनी नेहमीचा प्रश्न विचारला, "वागनं कसं आहे हिचं?" तो हसला. "भाऊ, रातबेरात दार वाजते, मी कंदील लावून देतो. सकाळी येते अन् पोरगा का पोरगी ते सांगते. आमच्या घरी लेकरू नाई. पन असं वाटते का गावभर आहेत." भाऊजींनी चुलीतलं विझत आलेलं लाकूड हळूच पुढं सारलं. बाहेर नर्सबाई बाईला विचारत होत्या, "वाचता येतं ना? मग या की शिकायला. या पावसाळ्यात किती जणींपर्यंत आम्ही पोहोचू शकलो नाही, सांगू?"

घरी येताच भाऊजींनी काशाची थाळी मागवली. माझे वडील, आई, शेजारी, सगळे जमले. भाऊजी म्हणाले, "हा दाना सुईणीच्या विद्येचा. अन् हा..." त्यांनी बाईकडे पाहिलं. "हा हिचा."

सगळे सर्द झाले. वडील ओरडले, "दिवाणजीची बायको घरोघर बाळंतपनं करत हिंडन?" आई रडू लागली. बाई म्हणाली, "मले? या वयात? अन् तुमी काय कराल?"

"कंदील लावीन."

दाणे सोडले. ते पाण्यात हलले, जरा जवळ आले आणि थांबले. मधे नखाएवढं अंतर राहिलं.  आणि त्या माणसानं, ज्यानं मालगुजाराचं ऐकलं नव्हतं, थाळीत बोट घातलं आणि बाईचा दाणा पुढं ढकलला. मला अजून त्या धक्क्यातून सावरता आलेलं नाही. वडील तर भाऊजींच्या ओल्या बोटाकडे पाहत राहिले.  बाईनं पदरानं डोळे टिपले आणि पोत्यातून स्वतःपुरतं एक ताट सोबत न्यायला काढून घेतलं.

ती नागपूरला शिकून आली. नेमणूक मिळाली भामरागडच्या वाटेवरच्या एका गावी, जिथे पावसाळ्यात रस्ता म्हणून काही उरत नाही. एका पावसाळ्याच्या तोंडावर मी तिथे गेलो होतो. संध्याकाळची वेळ. बाई नदीपलीकडे गेली होती. भाऊजी चुलीवर भात टाकून ओसरीत कंदिलाची काच पुसत होते. गावात त्यांना सगळे नर्सबाईचे मालक म्हणत आणि त्यांना ते भारी आवडे. मी अखेर विचारलंच, "भाऊजी, त्या दिवशी बोट काऊन घातलं?"

"दाने येतच होते. म्या फक्त उशीर होऊ देला नाई." काच पुसता पुसता ते थांबले. "आपल्या घराले एकदा उशीर भोवला ना."

मला या माणसावर आयुष्यभर हसल्याची लाज नाही वाटली, पण त्या क्षणी त्यांच्यावर फार माया दाटून आली. आत भात उतू गेला. ते उठले नाहीत. कंदील लावून त्यांनी दारात टांगला, अंधारत चाललेल्या वाटेकडे बराच वेळ पाहिलं आणि हळूच मला विचारलं, "पोचली असंन ना गा ती टायमावर?"