पातेल्याच्या तळाशी

पातेल्यात डोकावले आणि मी पेन खिशात ठेवलं. तळाशी डावभर कट होता. कालचा.

वर्तकनगरमधलं मिसळीचं हॉटेल. हॉटेलात स्वयंपाक करणाऱ्यांना स्वच्छतेचं ट्रेनिंग देणं हे माझं काम. ट्रेनिंग, छोटी परीक्षा, मग मी किचन बघून शेरा देते आणि फूड सेफ्टीचं सर्टिफिकेट मिळतं. दोन वर्षांनी ते रिन्यू करावं लागतं. इथल्या सुनंदाताईंचं संपत आलेलं. त्या रोज लोकलने दिवा स्टेशनहून येतात, मिसळीचा कट त्यांच्याच हातचा. परीक्षा पास झालेल्या. पण रिन्यू झालं नाही तर शेगडीवर दुसरी बाई ठेवणार आणि तुम्ही भांडी घासायची, असं मालकांनी त्यांना सांगूनही टाकलेलं.

मालकांना विचारलं तर म्हणाले, मॅडम, तेच तर आमचं सिक्रेट, जुन्यावर नवा ओतला की चव लागते. आणि गल्ल्यावर जाऊन बसले.

माझं डोकंच फिरलं. शिजवलेलं अन्न रात्रभर बाहेर राहिलं की त्यात जंतू वाढतात. काहींचं विष तर उकळूनही जात नाही. हे मी याच किचनमध्ये घसा फोडून सांगितलेलं.

"ताई, तेव्हा कळलं नव्हतं का?"

"कळलेलं की. पेपरात बरोबर लिहिलंय." त्यांनी एप्रनला हात पुसले. "पण भांडं रितं ठेवून घरी जायचं नाही, सासूबाईंनी शिकवलंय. लॉकडाऊनच्या आदल्या रात्री मी हे पातेलं घासून पालथं घातलेलं. मग काय झालं, बघितलंत ना? तेव्हापासून हिंमतच होत नाही."

कपाळ माझं! हसू आलं आणि वाईटही वाटलं. बाईची भीती खरी होती. शेरा दिला नसता तर त्यांची शेगडी गेली असती. दिला असता तर कोणाचं तरी पोट बिघडलं असतं.

"रितं नको ना? मग कटच कशाला? पातेलं घासा, कोरडं करा, तळाशी मूठभर कोरडे तांदूळ ठेवा आणि वर घट्ट झाकण."

त्यांनी तळाचा कट डावाने हलवून बघितला. मग म्हणाल्या, "तांदूळ चालतील. अन्नपूर्णाच ती."

आठवड्याने सकाळी न सांगता गेले. ताई येऊन नुकत्याच एप्रन बांधत होत्या. झाकण उचललं. पातेलं लख्ख, तळाशी तांदूळ. मी तिथेच शेरा लिहिला. ताईंनी तो दोनदा वाचून घेतला आणि कट करायला घेतला.

नंतर मिसळ खाल्ली. नाकाडोळ्यांतून पाणी आलं. मालक खूश होऊन म्हणाले, "बघा, जुन्या कटाची कमाल."

म्हटलं, "आठवडा झाला, जुना कट बंद आहे."

त्यांनी वाटी मागवली, एक घोट घेतला आणि मान हलवली. "तरीच. मी म्हणतच होतो, काहीतरी कमी लागतंय."

ताई शेगडीवरच आहेत. मी हल्ली नियम सांगायच्या आधी विचारते, रात्री भांड्यात काय ठेवता आणि का. चव बदलल्याची म्हणाल तर तक्रार आजवर एवढी एकच आली, तीही मी सांगितल्यावर.