आईच्या भांड्यांचे गिऱ्हाईक

आधीच सांगते, असले अनुभव वाचून हसणाऱ्यांपैकी मी एक. मांजर आडवं गेलं की मी त्याला आधी जाऊ देते, घाई त्याला असते. सगळी नोकरी अकाउंट्समध्ये गेली, त्यामुळे ताळा जुळला नाही की मला जेवण जात नाही. हा एक ताळा मात्र अजून जुळलेला नाही... आणि मी व्यवस्थित जेवते आहे.

आमचं घर मुलुंड पूर्वेला, तीन मजली जुन्या बिल्डिंगमध्ये. मी लग्न केलं नाही. आई आणि मी, दोघीच. गेल्या वर्षी आई गेली, आणि पाठोपाठ बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली. नवीन घर होईपर्यंत मला भांडुपला भाड्याची खोली मिळाली, एका खोलीतच ओटा. तिथे माझा पलंग कसाबसा मावत होता. आईची माळाभर पितळी भांडी कुठे ठेवणार?

त्या भांड्यांवर तिचा जीव होता. आणि तिचा एक नियम होता: दुसऱ्याच्या घरी भांडं रिकामं जायचं नाही. शेजारणीची वाटी परत करायची तरी चिमूटभर साखर घालून. तेही माणूस बघून. नवा संसार असेल तर तांदूळ, बाळंतीण असेल तर अळीव. मी म्हणायचे, "अगं, वाटी द्यायची आहे की ओटी भरायची आहे?" की लागलाच अबोला. आमच्या आईचा अबोला म्हणजे अबोला! तो संपला हे ती कधी तोंडाने सांगायची नाही. सालं काढलेले भाजके दाणे आणि गुळाचा खडा माझ्यासमोर आणून ठेवायची, की समजायचं, मिटलं.

भंगारवाल्याला बोलावलं तर त्याने वजनकाटा काढला. माझा हात धजावेना. शेजारची लता म्हणाली, "मोडीत काय घालतेस? ॲपवर टाक ना! लोक वेडे आहेत पितळेसाठी."

झालं, मी दुकानदार झाले. चिंच-मिठाने घासून भांडी लख्ख केली, खिडकीतल्या उन्हात वाळवली, फोटो काढले. पहिल्याच दिवशी कळलं, लोक "अव्हेलेबल?" विचारतात आणि आपण "हो" म्हटलं की गायब होतात. आतून चीर नाही ना म्हणून आतले फोटो मागतात. म्हणून मी प्रत्येक भांड्याचा आतूनही फोटो काढून ठेवला. पण एकेक भांडं पुसताना तीच डोळ्यांसमोर यायची. आई असती तर हा अबोला जन्मभर चालला असता, हे मला पक्कं माहीत होतं.

पहिला गेला पितळी डबा. घाटकोपरची एक मुलगी घेऊन गेली. संध्याकाळी तिचा फोन.

"थँक्यू हं ताई. आत तांदूळ ठेवलेत ते बघून एकदम भरून आलं. आम्ही कालच या घरात आलोय. माझी आई पण असंच करायची."

मी "बरं बरं" म्हणून फोन ठेवला आणि लताला गाठलं. "तू ठेवलेस ना तांदूळ?"

"मी कशाला ठेवू? वेडी आहेस का गं?"

मग म्हटलं, त्या मुलीच्या घरातलेच कुणाचे तरी असतील. मोबाइलमधला फोटो पाहिला. डबा आतून रिकामा, चकचकीत. सोडून दिलं.

दुसरं गेलं झाकणाचं पातेलं. चेंबूरचा एक तरुण आला. गावाहून आई येते आहे, तिला पितळेच्या भांड्यातलाच चहा लागतो, म्हणाला. एवढंच बोलला. त्याने पातेलं उपडं करून बोटाने टणटण वाजवलं, उजेडात धरून भोक आहे का पाहिलं. मग मीच झाकण लावून सुतळीने बांधून दिलं. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलेलं आहे, माझ्या हातांनी केलेलं आहे.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याचा फोन आला.

"मॅडम, एक विचारू? तुम्हाला कसं कळलं?"

"काय कळलं?"

"बायकोला आठवा चालू होता. आज पहाटे अचानक झालं सगळं... मुलगी झाली. दोघी बऱ्या आहेत. आई आत्ता उतरली, तिने तुमची सुतळी सोडली. आत अळीव आहेत. आई म्हणते, ज्या माउलीने दिलेत तिला माझा नमस्कार सांग."

माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. पण भीती नाही वाटली हो... देवळाच्या गाभाऱ्यात नकळत आवाज खाली येतो ना, तसं काहीसं झालं. "नमस्कार पोचला," एवढंच बोलले. आणि नंतर एक विचार डोक्यात घुसला तो निघेना. परक्यांना सगळं मिळतंय. मला काय? माझ्यावर ती रागावलीच आहे की काय?

उरलेली भांडीही जात राहिली, फोन मात्र कुणाचा आला नाही. मीही कुणाला विचारलं नाही, धीरच झाला नाही. शेवटी राहिला फिरकीचा तांब्या, घट्ट आट्यांच्या झाकणाचा. त्याची जाहिरात मी काढून टाकली. तो मी धुतला, आतून कोरडा पुसला, झाकण पिळून बसवलं. लता त्या आठवड्यात बोरिवलीला लेकीकडे होती. रिक्षात तांब्या माझ्या मांडीवर होता, भांडुपपर्यंत.

खोलीत टेम्पोतलं सामान यायचं होतं. तहान लागली म्हणून पाणी भरायला तांब्या उचलला... आत काहीतरी खुळखुळलं.

झाकण निघता निघेना. पदराने धरून पिळलं तेव्हा निघालं.

हे कसं झालं ते मला माहीत नाही. लतासमोर सगळ्या शक्यता मांडून झाल्या, एकही टिकली नाही. कुणाला पटणार नाही, तर नको पटू दे. त्या रिकाम्या खोलीत मी जमिनीवर फतकल मारून बसले आणि खूप रडले. मग एकेक करून सगळे दाणे खाल्ले, गुळाबरोबर.

सालं काढलेले होते.