चंद्राचं रिटचिंग

चंद्रावर एकही डाग नाही, हे जगात सर्वप्रथम आमच्या शिरूरच्या फोटो स्टुडिओने सिद्ध केलं. रशिया-अमेरिका तेव्हा चंद्राचे फोटो काढायला यानं धाडत होते. आमचं काम पेन्सिलीत झालं!

स्टुडिओ माझ्या वडिलांचा, आबांचा. कॅमेऱ्याला हात लावायचा मान फक्त त्यांचा. मी, लग्न झालेला बाप्या, गिऱ्हाइकामागे ताजमहालाचा रंगवलेला पडदा धरून उभा असायचो (सुरकुती पडू न देणं ही माझी कला!). खरी कलावंत माझी बायको, सुमन. टोकदार पेन्सिल घेऊन ती निगेटिव्हवर बसली की चेहऱ्यावरचे देवीचे व्रण गायब. पंचक्रोशीतल्या कितीतरी मुली तिच्या पेन्सिलीने उजवल्या होत्या.

अशात केंदूरच्या हेडमास्तरांनी पुण्याहून दुर्बीण मागून आणली. शाळेत विज्ञानाचं प्रदर्शन होतं आणि त्यांना चंद्राचा फोटो हवा होता.

"त्याला 'जरा हसा' कोण म्हणणार?" आबांनी हात झटकले. "मला न्हाई जमायचं."

"मी काढतो," मी म्हणालो.

आबांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "काढ. बरा आला तर कॅमेरा तुझा. न्हाई आला तर जलमभर पडदा धर!"

पौर्णिमेच्या संध्याकाळी केंदूरच्या शाळेच्या अंगणात मी दुर्बिणीला कॅमेरा सुतळीने बांधला. चंद्र हे गिऱ्हाईक महा अवघड. माणसाला निदान "हलू नका" म्हणता येतं. हा काचेवरून सारखा सरकत होता! पण एकदाचा नीट दिसला! काळसर मैदानं, खड्डे, खड्ड्यांतून फुटलेल्या पांढऱ्या रेघा. डोळ्यांत पाणी आलं. इतकं सुंदर मी आजवर काही पाहिलं नव्हतं (हे सुमनला अजून सांगितलेलं नाही).

निगेटिव्ह लख्ख आली. "छापून चौकटीत बसव," असं सुमनला सांगून मी मंडप घालायला केंदूरला गेलो. प्रदर्शनाच्या सकाळी आबा आणि सुमन कागदात गुंडाळलेली चौकट घेऊन एसटीने आले. उघडायचा मान सरपंचांचा. मी छाती काढून शेजारी उभा राहिलो.

सरपंचांनी कागद फाडला. आत पांढरंशुभ्र, गोल, नितळ असं काहीतरी होतं.

"भाकरी हाय व्हय?" सरपंचांनी विचारलं.

"छ्या! भाकरीला पापुद्रा तरी असतो," मागून कुणीतरी शंका फेडली.

हेडमास्तरांनी चष्मा पुसून पुन्हा घातला. "अहो, यातले खड्डे कुठं गेले?"

सुमनने पदर सावरला. "काढलं की समदं! हात दुखून आला. लई डाग व्हतं बिचाऱ्याला. आपल्या दुकानातनं असं तोंड भाईर धाडायचं म्हंजी नाव जायचं की!"

आबांनी माझ्याकडे पाहिलं. "पडदा," ते एवढंच म्हणाले.

नाव मात्र गेलं नाही, झालं! आठवडी बाजाराच्या दिवशी स्टुडिओपुढे ही रांग लागली. "चंद्राचं डाग काढणाऱ्या बाई त्या ह्याच का? मग आमच्या पोरीचं काय अवघड हाय!" आबांनी खूश होऊन कॅमेरा सरळ सुमनच्या हाती दिला.

मग मात्र माझा तोल गेला. "अगं, ते डाग हेच त्याचं रूप होतं! व्रण पुसून फोटो दाखवायचा ही शुद्ध फसवणूक आहे!"

सुमन शांतपणे पेन्सिलीला टोक काढत राहिली. "व्हय का? मग लग्नाआधी माझ्या माहेरी तुमचा फोटू आला व्हता, त्यात तुमच्या तोंडावरचं देवीचं व्रण कुठं व्हतं वो?"

कोपऱ्यात आबांना एकाएकी खोकला आला. मी पडदा उचलला आणि या खेपेला स्वतःच्याच तोंडासमोर धरला.