त्याचा हात का पाटलाची बैलं

पाटलाची शर्यतीची गाडी हाकायला आमच्या गावात एक माणूस व्हता. गाडीवर बसायच्या आधी दोन्ही बैलांच्या पाठीवरून हात फिरवायचा, माणसांशी मात्र बोलायचा नाय. जत्रेत कायम पयला यायचा. त्याच्यावरून चावडीपुढं भांडणं व्हायची. एक म्हणायचा, "हात हाय त्याचा." दुसरा म्हणायचा, "कसला हात? त्या बैलांमागं माझी म्हातारी बसवली तरी पयली येईल."

माझी पोर तापानं फणफणली, डोळे फिरवाय लागली. माझे मालक कामाला लांब गेलेले. नाशकाच्या डाक्तराकडं न्यायला बैलं मागितली, तर पाटील म्हणाले, "परवा शर्यत हाय, तवर बैलांना जू दाखवायचं नाय." मग तोच गाडी हाकणारा आला आन् त्यानं आमचीच बैलं जुपली, एक म्हातारा, एक लंगडा.

नाशकापर्यंत मी एकच बोलत व्हते, "पळवा ना दादा." तो म्हणायचा, "वयनी, ह्यांना तिथवर पोचायचंय." चाबूक घेतलाच नव्हता. चढ आला की खाली उतरून बैलांसंगं चालायचा, जुवाला खांदा द्यायचा. मी घडीघडी पोरीच्या नाकाशी बोट धरून बघत व्हते.

डाक्तर म्हणाला, "येळेत आणली."

पोर बरी झाल्यावर माघारी आलो, तवाबी तो बैलांसंगं चालतच व्हता, तर चावडीपुढचे हसले. "पाटलाची बैलं नसली की पायी चालतो." त्यानं लंगड्या बैलाला पाणी पाजलं आन् घरी गेला.

माझी पोर आता आजी झाली. गावातली म्हातारी माणसं अजून त्याच्यावरून भांडतात. त्या गाडीत मी बसले व्हते, पण मला कुणी इचारलं नाय.