जावेचे मंगळवार आणि शुक्रवार

माझ्या मोठ्या जावेच्या किडन्या निकामी झाल्या, तेव्हा तिला दवाखान्यात कोण नेणार हे कोणी ठरवलं नाही. तिचा मुलगा पुण्याला कंपनीत आहे. तिच्या मालकांना, म्हणजे माझ्या भासऱ्यांना, डोळ्यांनी कमी दिसतं. माझे मालक पहाटेच भाजी घेऊन बाजाराला निघतात, कधी मालेगाव, कधी शेलूबाजार. पहिल्या मंगळवारी मी गेले, कारण त्या दिवशी मीच रिकामी होते. शुक्रवारी पुन्हा मीच गेले. मग ते माझंच काम होऊन बसलं. या पावसाळ्यात त्याला तीन वर्षं होतील.

आमचं गाव वाशिम जिल्ह्यातल्या मालेगावच्या जवळ. दोन भावांची घरं वेगळी झाली, पण विहीर एकच राहिली, आणि त्या एका विहिरीवर दोघांचीही वांगी, मेथी आणि सांभार, म्हणजे कोथिंबीर, निघते. मी तिला बाई म्हणते, ती मला लहानी म्हणते. ती माझ्याहून आठ वर्षांनी मोठी आहे. मी लग्न होऊन आले तेव्हा चूल तिच्या हातात होती, आणि तिचं बोलणं तेव्हाही असंच होतं. चांगलं झालं तर गप्प, वाईट झालं तर साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असं.

मंगळवारी आणि शुक्रवारी मी पाचला उठते. दोन घरच्या भाकरी टाकते, डबा बांधते, तिला घेऊन फाट्यावर उभी राहते. वाशिमला उतरून दवाखान्यात जायचं. आधी वजन, मग मशीन. चार तास तिचं रक्त नळीतून बाहेर जातं, धुऊन निघतं आणि परत अंगात येतं. तेवढा वेळ मी बाहेरच्या बाकावर. मग ती भिंतीला धरून बाहेर येते, एकदम पांढरी पडलेली, आणि मी तिचा दंड धरून तिला स्टँडवर नेते. घरी यायला चार वाजतात. त्यानंतर दुसऱ्या दिवशीच्या बाजाराची वांगी तोडायची असतात.

सुरुवातीला लोक म्हणायचे, पुण्य लागेल तुला. पुण्य लागतं की नाही मला माहीत नाही. गुडघे दुखायला लागले, एवढं खरं.

सगळ्यात जड काय गेलं असेल तर पाणी. डॉक्टरांनी सांगितलं होतं, चहासकट दिवसाला एक लिटर, त्यावर घोट नाही. आमच्याकडच्या उन्हाळ्यात हे माणसाला सांगायचं कसं? आणि ते सांगायचं काम माझ्याकडे आलं, कारण भासरे तिनं डोळे वटारले की मुकाट्यानं तांब्या पुढं करायचे. ती माझ्या दारात येऊन उभी राहायची.

"लहानी, एक घोट दे."

"बाई, तुमचं आजचं झालं."

"तुह्या विहिरीचं मागून राह्यली काय मी? विहीर तं माह्यीबी हाय."

मी द्यायची नाही. घरात जाऊन भांडी घासायची, म्हणजे तिचा चेहरा दिसू नये. एकदा तिनं शेजारणीकडे जाऊन दोन तांबे पाणी पिऊन घेतलं. दुसऱ्या दिवशी पाय सुजले, आडवं पडलं की दम लागायला लागला. जीप करून न्यावं लागलं. तेव्हापासून मी तिच्यासाठी एक बाटली भरून ठेवते, तिच्यावर रेघा ओढलेल्या आहेत. ती मला जेलर म्हणायला लागली. बसमध्ये ओळखीच्या बायांना सांगायची, "हे माही जेलर. सरकारनं देल्ली मले." बाया हसायच्या. मीही हसायची. पण आतून मला काही हसू येत नव्हतं.

बाकावर बसून बसून मला त्या दवाखान्याचं सगळं पाठ झालं. कोणता कागद कोणत्या खिडकीवर, झेरॉक्स कशाकशाच्या, रक्त तपासायला द्यायचं असेल तर किती वाजायच्या आत. नवीन माणसं यायची आणि दारातच गोंधळून उभी राहायची. कोणाला तरी सांगावं लागायचं, मी सांगायची. मी भाजीवाली आहे हे कळल्यावर बाया खाण्याचंही मलाच विचारायला लागल्या. मग मी सांगायची की भाजी चिरून कोमट पाण्यात भिजत घाला आणि ते पाणी फेकून द्या. कोणी प्रेमानं नारळपाणी आणलं तरी देऊ नका. ज्या हाताची शीर मशीनसाठी जोडली आहे, त्या हातानं बादली उचलू देऊ नका. तेच तेच सांगून तोंड दुखायचं. कधीकधी डोळे मिटून झोपेचं सोंगही घेतलं आहे मी.

त्यांच्यात मेडशीची एक पोरगी होती, नुकतं लग्न झालेली. सासऱ्यांना घेऊन यायची. पहिल्या दिवशी ती जिन्याखाली रडत उभी होती, कारण एका खिडकीवरून दुसरीकडे आणि तिथून परत पहिलीकडे तिला पाठवलं होतं. मी उठून तिच्याबरोबर गेले, कागद लावून दिले, परत येऊन बसले. त्यात अर्धा तास गेला असेल. मी ते विसरूनही गेले.

मागच्या हिवाळ्यात एका मंगळवारी ती पोरगी पिशवीभर तुरीच्या हिरव्या शेंगा घेऊन आली आणि सगळ्यांसमोर माझ्या पाया पडली.

"मावशी, तुमी नसत्या तं मी त्या दिवशीच वापस गेली असती. माह्या सासऱ्याचा जीव तुमच्यामुळं हाय."

"उठ माय, फरशी गार हाय," एवढंच मी म्हटलं. मला बरं वाटायला पाहिजे होतं. मला फक्त खूप थकल्यासारखं वाटलं. ती पिशवी हातात घेतली आणि वाटलं, आता हे ओझंही न्यायचं.

दुपारी स्टँडवर बसची वाट पाहत बसलो होतो. बाईनं पिशवीकडे पाहिलं.

"कोणं देल्ल्या?"

"त्या मेडशीच्या पोरीनं."

"काहून?"

"मी तिले खिडकी दाखवली म्हणून."

"सोलायचं काम वाढवलं तिनं," बाई म्हणाली आणि तोंड फिरवून बसली.

मला काय झालं कोणास ठाऊक. मी एकदम मोठ्यानं बोलले.

"बाई, त्या पोरीची मी कोणी लागत नाई. दोन गोष्टी सांगितल्या तं तिनं माह्ये पाय धरले. तुमाले मी दर आठवड्याले आणून राह्यली, नेऊन राह्यली. एका शब्दानं तरी म्हटलं काय तुमी कधी?"

आजूबाजूची माणसं वळून पाहायला लागली. मशीनवरून उठल्यावर तिच्या आवाजात जीव नसतो. ती हळूच म्हणाली,

"तू म्हटलं होतं काय?"

"कवा?"

"तुही पोरगी झाली तवा. तुह्या छातीत गाठ झाली, पू झाला. दोन मैने तू खाटेवर होती. माह्या पोराचं दूध तोडलं अन् तुह्या पोरीले पाजलं मी. तुह्या वाट्याचे वांगे तोडले, तुहे कपडे धुतले. म्हटलं होतं काय तू?"

बस लागली. मी तिला चढवलं, तिच्याशेजारी बसले.

तिनं सांगितलं ते मला माहीत नव्हतं असं नाही. मी तापात होते, पण शुद्धीवर होते. समोरच्या पडवीत ती माझ्या मुलीला मांडीवर घेऊन बसायची आणि तिचा दोन वर्षांचा मुलगा बाजूला लोळून रडायचा, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलेलं आहे. पण माझ्या मनात त्या दोन महिन्यांतलं राहिलं होतं ते तिचं बोलणं. "राणी बसली खाटेवर, अन् मी दासी इची." हे वाक्य मी माझ्या आईला सांगितलं, बहिणींना सांगितलं, पुढं माझ्या मुलीलाही सांगितलं. सव्वीस वर्षं सांगत आले. दुधाचं मात्र कोणाला सांगितलं नाही. घरात असलं की बाया एकमेकींचं करतातच, त्यात काय सांगायचं, असं मी धरून चालले होते. आणि ती माझ्या मंगळवार-शुक्रवारांचं तसंच धरून चालली होती.

आमच्याकडे आभार मानायची रीत नाही. 'लय केलं' असं म्हणतात, पण तेही बहुतेक माणूस गेल्यावर, तेराव्याला जेवायला बसलेले लोक म्हणतात. जिवंत माणसाला तोंडावर म्हणायला जीभ वळत नाही. माझीही वळली नव्हती.

शुक्रवारी वजनाच्या रांगेत मी तिला म्हटलं, "बाई, तवा तुमी लय केलं माह्या पोरीचं."

तिनं माझ्याकडे पाहिलंच नाही. "मरून गेली असती थे," ती म्हणाली. "वरच्या दुधानं जुलाब लागले होते तिले." मग तिचा नंबर आला आणि ती काट्यावर उभी राहिली.

त्यानंतर माझा थकवा गेला असं लिहायला मला आवडलं असतं. गेला नाही. उलट त्या हिवाळ्यात मला कंबर धरून चालावं लागत होतं. पण एका संध्याकाळी मी मुलीला फोन केला. ती मालेगावातच दिली आहे, तिला एक लहान मुलगा आहे. मी तिला पडवीतलं सगळं सांगितलं.

"आई, राणी न् दासीचं तू मले शंभरदा सांगितलं," ती म्हणाली. "हे एकदाबी नाई सांगितलं."

"नाई सांगितलं."

"शुक्रवारी मी नेते मोठीआईले. लेकराले सासूबाईजवळ ठेवते."

मी आधी नको म्हटलं. नको म्हणायची सवय असते. तिनं ऐकलं नाही. तेव्हापासून मंगळवार माझा आणि शुक्रवार तिचा.

पहिल्या मोकळ्या शुक्रवारी मी ठरवलं होतं की मेथीचा एक वाफा निंदायचा, घराच्या मागची पोपडे आलेली भिंत सारवायची. भाकरी खाल्ली आणि म्हटलं, पाच मिनिटं पडू. उठले तेव्हा दुपार झाली होती. मालक बाजारातून परत येऊन दारात उभे होते, घाबरलेले.

"बरं नाई काय तुले?"

"बरं हाय. झोपली होती."

आत जाऊन त्यांनी स्वतःच चहा ठेवला. खाटेवरच्या त्या दोन महिन्यांनंतर दिवसा मी अशी झोपलेली त्यांनी पाहिली नव्हती.

बाईची तक्रार मंगळवारी बसमध्ये आलीच. "तुही पोरगी लय बोलते. बाकावर बसून साऱ्या लोकाईले शिकवून राह्यली. मोबाइलवर लिहून देऊन राह्यली, काय खा, काय नोका खाऊ. मी बाहेर आली तं मलेच म्हणते, थांब मोठीआई, एवढं सांगते या लोकाईले." मग म्हणाली, "दंड मात्र बरा धरते. तुह्यासारखा आवळत नाई."

मी दंड आवळते हे मला तीन वर्षांत कळलं नव्हतं. त्या दिवसापासून मी हात ढिला धरते.

आता गोष्ट अशी आहे की मागच्या आठवड्यात डॉक्टरांनी सांगितलं, अंगात पाणी लवकर भरून राहिलं आहे, दोनदा आता पुरत नाही, आठवड्यातून तीनदा यावं लागेल. बाई जिन्यातच बसली. "तीनदा नाई येत मी," ती म्हणाली. "दोनदा पुरे. माणसानं किती करायचं कोणाचं?" हे ती स्वतःबद्दल म्हणाली की माझ्याबद्दल, मी विचारलं नाही. मी नेते, हे दोन शब्द माझ्या तोंडात आले होते. मी ते बोलले नाही. खोटं का लिहू? माझ्यात तेवढं उरलेलं नाही. मी फक्त म्हटलं, "पाहू बाई. उठा आता, बस जाईन."

घरी आल्यावर मी पुण्याला फोन लावून तिच्या मुलाला सरळ सांगितलं की आमच्या दोघींच्यानं दोनच दिवस होतात. इतक्या वर्षांत मी त्याला काही मागितलं नव्हतं. तो म्हणाला, काकू, मी पंधरा दिवस येतो, घरून काम करतो, तिसरा दिवस मी नेतो. त्यानंतरचं ठरायचं आहे.

आज सकाळी मी वांगी तोडत होते. बाई काठी टेकत बांधापर्यंत आली आणि दगडावर बसली. बराच वेळ नुसती पाहत होती. मी ओळ संपवून टोपलं उचललं, तेवढ्यात ती म्हणाली, "तिकडं बोरीजवळ दोन राह्यले तुह्ये."

मी टोपलं खाली ठेवलं आणि ती दोन तोडायला परत गेले.